सहा नवरात्रांची एकच पावले

डॉक्टर,

आज सकाळीही कपिलेने मान वळवली. तुमची मोटारसायकल कालव्यावरून आमच्या आळीकडे वळण्याची जी वेळ, त्या वेळेला ती दावणीतून मान वळवते आणि रस्त्याकडे पाहते. गेले सतरा दिवस रस्त्यावर काही नसते. तरी ती कान पुढे करते, कोणी समोर येऊन उभे राहिल्यासारखी क्षणभर स्थिर होते, आणि समाधानाने पुन्हा वैरणीत तोंड घालते. मी आयुष्यभर घटिका मोजत आलेला मनुष्य आहे. तिची वेळ एकदाही चुकलेली नाही. मला मात्र तेवढा काळ तिच्याजवळ उभे राहवत नाही.

तुम्हाला माती देण्याच्या वेळी मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर थांबलो होतो. तुमच्या थोरल्या मुलाने हात धरून मला आत नेले आणि माझ्याकडून तीन मुठी माती घालून घेतली. सवयीने ओठांवर एक श्लोक आला, तो मी गिळला. परत येताना वाटले, म्हटला असता तर तुम्ही रागावला नसता. उलट अर्थ विचारला असता, आणि अर्थ सांगून झाल्यावर त्यात एक खोट काढली असती.

तुमची पदवी, तुमची नोकरी, लासुर्ण्यापासून पणदऱ्यापर्यंत तुम्ही किती गोठ्यांतली किती जनावरे वाचवलीत, हे इतर लिहितील. मला तुमच्याशी एक बोलणे पुरे करावयाचे आहे. तुम्ही माझ्या ओसरीवर बसून चहा घेत होता तेव्हा ते करता आले असते. दोन वर्षे मी ते टाळले. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, म्हणून धीर होतो आहे. हेही माझ्या भित्रेपणातच जमा करावे.

हे बोलणे जिच्याविषयी आहे तिचे नाव मी लिहीत नाही. तिच्या आईने लिहिण्यास संमती दिली, नावास दिली नाही. तुम्हाला नावाची गरज नाही.

आरंभ कपिलेपासूनच करावा लागतो. ती कालवड असताना अडीच वर्षांची होऊनही माजावर येईना, म्हणून मी तुम्हाला बोलावले होते. मी तिच्या जन्माची तिथी, नक्षत्र, सारे सांगू लागलो. तुम्ही खिशातून फीत काढून तिच्या छातीचा घेर मोजला आणि वजनाचा अंदाज हातावर लिहिला.

"वय कशाला सांगताय, गुरुजी? हिच्या अंगात वयाची वही न्हाय. अंग भरलंय का न्हाय, तेवढंच बघितलं जातंय आत."

"कोण पाहते?"

"मेंदू. पर त्येला दिसत न्हाय, सांगावं लागतंय. चरबी सांगती. अंगावर चरबी धरली की ती रगतातनं सांगावा धाडती, की हितं शिदोरी साठलीया, आता वासराचं बघायला हरकत न्हाय. त्यो सांगावा पोचला न्हाय तर मेंदू दार उघडत न्हाय. त्येला लेप्टिन म्हणत्यात."

मी हसून विचारले, "चरबी बोलते?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा कमी बोलती, पर खरं बोलती." मग तुम्ही फीत गुंडाळत म्हणालात, "आता लेप्टिन एकटंच समदं करतंय असं न्हाय. दार उघडायला दुसरी लई मंडळी लागत्यात. पर ह्येनं व्हय म्हणल्याबिगर बाकीच्यांचं कोण ऐकत न्हाय. माणसात बी असंच."

त्या सायंकाळी संध्येला बसलो. आचमनासाठी हात पुढे केला आणि मनगटाकडेच पाहत राहिलो. या देहात माझ्या नकळत कोणी साठा मोजत बसले आहे. कोणी निरोप घेऊन निघाले आहे. कोणी एका बंद दारामागे कान देऊन उभे आहे. मी ज्याला 'मी' म्हणतो त्याला यांतील एकाचीही ओळख नाही, आणि त्यांना माझी गरज नाही. आत्म्याविषयी मी पाठशाळेत बारा वर्षे शिकलो. देहाविषयीचे हे भय मला कोणी शिकवले नव्हते. ओंजळीतले पाणी गळून गेले, पुन्हा घ्यावे लागले.

कपिलेला तुम्ही पेंड आणि हिरवा चारा वाढवून दिला. काही महिन्यांनी ती माजावर आली. माझ्या लेखी ते प्रकरण तेथे संपले. गुरांचे शास्त्र गुरांपुरते, असे मी ठरवून टाकले.

आमच्या देवळाचा नेम तुम्ही अनेकदा फाटकाबाहेरून पाहिला आहे. नवरात्रात अष्टमीला एका कुमारिकेला देवी मानून पाटावर बसवायचे, तिचे पाय धुवायचे, ते कुंकवाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या मादरपाटावर ठसे घ्यायचे, आणि ते कापड वर्षभर देवीच्या पाटाखाली ठेवायचे. कुमारिका निवडण्याचा मान माझा. ग्रंथांत तिचे वय दहापर्यंत सांगितले आहे, हे मला पाठ होते. परंतु मुलीला न्हाण येईपर्यंत चालते, असा गावाचा प्रघात. आणि ही मुलगी अकराव्या वर्षी प्रथम पाटावर बसली तेव्हा इतकी निश्चल बसली की मी ग्रंथ बाजूला ठेवला. इतर मुली चुळबुळ करतात, प्रसादाच्या पेढ्याकडे पाहतात, कुंकू लागले म्हणून हसतात. ही समोरच्या मूर्तीकडे पाहत राहिली आणि मूर्तीइतक्याच वेळाने पापणी लववत होती असे भासले.

पुढल्या वर्षी पुन्हा तीच बसली. तेराव्या वर्षी, पूजा झाल्यावर, तिने मला एकटे गाठले.

"गुरुजी, मी मोठी झाले की दुसरी बसवणार ना?"

"होय बाळ. तसा नेमच आहे."

"मग मोठं होऊ नये म्हणून काय करायचं?"

डॉक्टर, हा प्रश्न मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही, आणि माझे उत्तरही नाही. मी हसलो. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "जो जिभेला जिंकतो, त्याच्यावर काळाचा अंमल चालत नाही." हे कोणत्याही शास्त्रात नाही. त्या क्षणी सुचले, कानाला गोड लागले, म्हणून बोललो. वृद्ध माणसाच्या तोंडून बाहेर पडलेले वाक्य मुलीच्या कानात वचन होऊन बसते, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही.

तिने नऊ दिवसांचा उपास विचारला, मी सांगितला. मग सोमवार विचारले, मग एकादश्या. मला धन्यता वाटत होती. पाठशाळेतून परतल्यापासून या गावात माझ्याकडे कोणी मनापासून व्रत मागितले नव्हते. लोक मुहूर्त मागत, ते मोबाईलवरही मिळतात. ही मुलगी मात्र विधी विचारी, मंत्राचा उच्चार तीन-तीनदा घोटून घेई. तिची आई एकदा देवळात आली आणि खांबाशी उभी राहून म्हणाली, "पोर जेवत न्हाय, गुरुजी. सकाळी कपभर दूध, बास. तुमी तरी सांगा." मी म्हणालो, "तिला अडवू नका. पूर्वजन्मीचे संस्कार आहेत." ती माउली मला नमस्कार करून गेली.

चौदाव्या, पंधराव्या वर्षी तिच्याबरोबरच्या मुली उंच झाल्या, त्यांचे चेहरे बदलले, त्या देवळात येईनाशा झाल्या. हिच्यावर काळ बसेना. अंगणात सारी झाडे वाढावीत आणि त्यांतील एकाची सावलीसुद्धा हलू नये, तसे. आश्विनातील उकाड्यात तिचे हात गार असत. दंडांवर बारीक, फिकी लव आली होती. मला ती तेजाची कांती वाटली. पायांवर मी माथा टेकवी तेव्हा जो स्पर्श होई तो दगडाचा. डोळे मिटून मला विचारले असते की कपाळाला लागले ते पाय मूर्तीचे की मुलीचे, तर मला सांगता आले नसते. आणि खरे सांगतो, याचाच मला आनंद होता.

बायका लांबून येऊ लागल्या. तिला 'आई' म्हणून हाक मारीत, मुलाच्या नोकरीचे, सुनेच्या बाळंतपणाचे विचारीत. ती उत्तर देत नसे, नुसती पाहत असे. एक बाई मागे सरत पुटपुटली, "ही बघती तवा आपल्यातनं आरपार बघती." गर्दीत शहारा उठला. मलाही उठला. त्याला मी भक्ती असे नाव दिले.

सहाव्या नवरात्रात तुम्ही अष्टमीला आलात. पणदऱ्याहून परतत होता, चिंचेखाली गाडी लावून, चपला हातात घेऊन फाटकाशी उभे राहिलात. पूजा आटोपून ती पायऱ्या उतरताना तिचा तोल गेला. तुम्ही पुढे धावून तिचे मनगट धरलेत आणि लगेच सोडले नाही. घड्याळाकडे पाहत नाडी मोजलीत. मी वरून ते पाहिले आणि मला ते आवडले नाही.

सारे गेल्यावर तुम्ही मला विचारलेत, "पोरीचं वय काय, गुरुजी?"

"सोळावे संपत आले."

"आन न्हाण?"

"देवीची इच्छा. ती अजून कुमारिका आहे."

"देवीची इच्छा न्हवं. खुराक." तुम्ही आवाज चढवला नव्हता. "गोठ्यात अशी कालवड दिसली तर मी मालकाला काय म्हणतो ठावं हाय का? म्हणतो, आत दार वाजवायलाच कोण येत न्हाय, तर दार उघडंल कसं? हिची नाडी बघितली का तुमी? झोपलेल्या जनावराची असती तशी हाय. अंग समदं काटकसरीला लागलंय. आधी न्हाण थांबवलं, मंग वाढ थांबवली, आता ऊब बी थांबवलीया. पुढं काय थांबवंल?"

मला संताप आला. "जिच्या पायांवर मी डोके ठेवतो, तिला तुम्ही गुरांच्या ओळीत बांधता?"

"बांधत न्हाय, गुरुजी. सोडवतोय."

तुम्ही चपला खाली ठेवल्यात आणि म्हणालात, "ह्ये बघा, उपासाचं मला सांगू नका. मी बी महिनाभर रोजे धरतो. पर आमच्यात पोर बालिग हुईस्तवर तिच्यावर रोजा लागू न्हाय. आधी अंग जागं हुतंय, मंग उपास येतोय. तुमी उपासच असा लावलाय की अंग जागं हुयाचं न्हाय. ह्यो कुठला धर्म?"

त्यावर मी जे बोललो ते पूर्ण लिहवत नाही. तुमच्या धर्माविषयी एक वाक्य बोललो आणि माझ्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवू नका असे म्हणालो. तुम्ही चपला पायात घातल्यात. जाताना म्हणालात, "ओसरीवर येत न्हाय. गोठ्यात येईन, गाय माझी पेशंट हाय." आणि खरोखर सहा महिने तुम्ही मागल्या बाजूने गोठ्यात येत राहिलात. कपिला तुमच्याकडे मान वळवी, मी आत बसून ऐकत असे.

चैत्रात ती मुलगी गोठ्याच्या पायरीवरून दुधाची किटली घेऊन उतरली. पायरी वीतभर उंच. ती पडली नाही, घसरली नाही. तिची आई सांगते, "नुसता पाय टेकला आन वाळल्या चिपाडावानी आवाज आला." नडगीचे हाड तडकले होते. ती ओरडलीही नाही. खाली बसली आणि सांडणाऱ्या दुधाकडे पाहत राहिली. त्यांची म्हैस अडली होती म्हणून तुम्ही तेथेच होता. वासरांचे मोडलेले पाय बांधायच्या कामट्यांनी तुम्ही तिचा पाय बांधलात आणि दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधोमध, तिला मांडीवर घेऊन बारामतीला नेलेत. तुम्ही नंतर मला एवढेच म्हणालात, "उचलली तर वजनच लागंना, गुरुजी. मी दोनदा खाली बघितलं, हातात हाय का न्हाय म्हणून."

ती बातमी मला दुपारी कळली. मी देवळात गेलो, पेटीतली पाच आणि देवीच्या पाटाखालचे एक, अशी सहा वर्षांची सहा कापडे बाहेर काढली. जुनी कापडे विसर्जित करावीत असा नेम असताना तिची मी एकही केली नव्हती. गाभाऱ्याच्या दारात उन्हाचा पट्टा पडतो, तेथे एकावर एक ठेवून मी ती उजेडासमोर धरली. अकराव्या वर्षाच्या मुलीचा पाय आणि सोळाव्या वर्षाच्या मुलीचा पाय. बोटावर बोट, टाचेवर टाच. सहा ठशांची मिळून एकच कडा दिसत होती. नखभर काय, रेषेभरही कोणता ठसा बाहेर आला नव्हता. कुंकू जुने तेवढे काळवंडलेले, नवे तेवढे लाल, आणि आकार एक.

सहा वर्षे माझ्यासमोर एक मुलगी येऊन बसत होती असे मी समजत होतो. त्या उजेडात वाटले, एकच दिवस सहा वेळा येऊन बसला. तिच्या आत, मस्तकातील त्या बंद दाराशी, कोणी तरी सहा वर्षे तसाच कान देऊन उभा होता. निरोप येईल तेव्हा दार उघडायचे, एवढेच त्याला ठाऊक. निरोप्याला वाटेतच अडवणारा मी. आणि वर मी त्या उभे राहण्याचीच पूजा करीत होतो.

मागे मूर्ती होती. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर तिचा चेहरा कोणासारखा दिसला असता, याची मला भीती वाटली.

त्यानंतर आठवड्याने कपिला व्याली. मी तुम्हाला बोलावले नव्हते. तुम्ही आलात, वासरू काढलेत, हात धुतलेत, आणि या वेळी मागल्या बाजूने न जाता सरळ ओसरीवर येऊन बसलात.

"चहा टाका, गुरुजी. साखर कमी."

बस्स, एवढेच. मी चहा टाकला. माझ्या त्या वाक्याची मी क्षमा मागणार होतो. तुम्ही बारामतीच्या डॉक्टरांचे म्हणणे सांगू लागलात आणि क्षमा मागण्याची जागाच ठेवली नाही. मुलीची हाडे म्हातारीच्या हाडांसारखी पोकळ झाली आहेत. न्हाण आणणारी द्रव्येच हाडांनाही बळ देतात, ती अंगात आलीच नाहीत. हळूहळू खाऊ घालावे लागेल, एकदम नाही. मनाच्या डॉक्टरकडेही न्यावे लागेल, कारण तिला आता भूक ओळखूच येत नाही. दार उघडेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील.

मी म्हणालो, "आमच्याकडे सात धातू सांगितले आहेत. रसापासून रक्त, रक्तापासून मांस, मांसापासून मेद; मेदापासून अस्थी, अस्थींपासून मज्जा, आणि शेवटी बीज. मेद खुंटला की पुढचे सारे खुंटते. आठव्या वर्षापासून मला पाठ आहे."

"तुमच्यात समदंच आधी लिहिलेलं असतंय," तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात. "मंग वाचत का न्हाय?"

मी हसलो. तुम्हीही. पुढची दोन वर्षे आपण पुष्कळ बोललो. तिसरी-चौथीतल्या मुलींना न्हाण येते म्हणून घाबरलेल्या आया माझ्याकडे शांती विचारायला येतात, त्याविषयी बोललो. तुम्ही समजावलेत की काही जणींच्या बाबतीत उलटी गोष्ट असते, अंगावर साठा लवकर होतो आणि सांगावाही लवकर जातो. पण सगळ्यांच्या बाबतीत तेच कारण असेल असे नाही, म्हणून आधी डॉक्टरकडे धाडा, शांती मग करा. मी तसे धाडू लागलो. अष्टमीला पाच वर्षांची, पेढ्यासाठी भांडणारी पोर पाटावर बसवू लागलो. पण त्या तेराव्या वर्षीच्या प्रश्नाविषयी, माझ्या उत्तराविषयी, मी एक अक्षर बोललो नाही. पोर उपास कोठून शिकली, हे तुम्ही विचारले नाही आणि मी सांगितले नाही. तुम्हाला वाटत असावे की तिने ते घरात, बायकांत पाहून उचलले. निदान माझी तशी समजूत होती.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तुम्हाला सांगायचे राहिले ते तिच्या आईला तरी सांगावे म्हणून. गोठ्यात आई शेण भरत होती. मी उभ्या उभ्या सारे सांगितले: मुलीचा प्रश्न, माझे उत्तर, आणि पोर जेवत नाही म्हणून देवळात आलेल्या तिला मी कसे परत पाठवले होते ते. तिने घमेले खाली ठेवले.

"आमाला ठावं हाय, गुरुजी."

"केव्हापासून?"

"टेम्पोतच सांगितलं हुतं पोरीनं, डाक्टरास्नी. जिभंला जिंकलं की काळ शिवत न्हाय, असं गुरुजी म्हणलं, म्हणून. त्यांनी घरी येऊन मला सांगितलं आन म्हणलं, गुरुजीला कळू देऊ नका मला ठावं हाय म्हणून. त्यांचं त्यास्नी सांगू द्या. सांगत्याल."

डॉक्टर, म्हणजे त्या पहिल्या चहापासून तुम्हाला ठाऊक होते. बशीत चहा ओतताना ठाऊक होते. धातूंची ओळ म्हणून दाखवणाऱ्या या म्हाताऱ्याकडे तुम्ही पाहत होता, थट्टा करीत होता, आणि वाट पाहत होता. दर वेळी उठताना तुम्ही क्षणभर उंबऱ्याशी थांबत असा आणि म्हणत असा, "मंग, गुरुजी? आणि काय?" मी म्हणे, "काही नाही. सावकाश जा." त्या प्रश्नाचा अर्थ मला आता कळतो. ज्या गोष्टीसाठी तुम्ही दोन वर्षे माझ्या उंबऱ्याशी थांबत होता ती माझ्या जिभेपर्यंत येऊन परत जात होती. जिभेला जिंकण्याचा उपदेश मी केला आणि शेवटी माझीच जीभ मला उचलता आली नाही.

तुम्ही एकदा तरी रागावून विचारायला हवे होते. हा माझा तुमच्यावरचा राग आहे, आणि तो मी ठेवून घेणार आहे. तुमची उदारता मला झेपत नाही. तुमचा राग झेपला असता.

आता शेवटची गोष्ट. कालची.

शुक्रवार होता. मी देवीच्या नैवेद्याचे ताट वाढून गाभाऱ्यात ठेवले होते. वरण, भात, घेवड्याची भाजी, पोळी, भाताशेजारी तुपाची वाटी. पाणी फिरवणार तोच बाहेरून हाक आली. ती मुलगी पायऱ्यांच्या खाली उभी होती. अठरा पुरी झाली आहेत. मी तिला बऱ्याच दिवसांनी नीट पाहिले. गालांचा आकार बदलला होता, ओढणी सावरण्याची रीत बदलली होती. उन्हात उभी असल्याने तिची सावली पायरीवर पडली होती आणि ती हलत होती.

"वर ये," मी म्हणालो.

"न्हाय, वर येत न्हाय." मान खाली घालून तिने सांगितले, "कालपासनं बाहेर बसलेय. पहिल्यांदा."

ती पुढे म्हणाली, "डाक्टरचाचा म्हणले हुते, झालं की मलाच पहिल्यांदा सांगायचं, कुठं बी असलो तरी. आता ते न्हाईत. आई म्हणली, गुरुजीस्नी सांग. म्हणून आले."

ही वार्ता तुमची होती, डॉक्टर. ती चुकून माझ्या दारी आली, आणि मी ती जशी मिळाली तशी तुमच्याकडे पाठवतो आहे.

अशा वेळी तिथी, नक्षत्र पाहून फल सांगण्याचा प्रघात आहे. पंचांग खुंटीला होते. मी त्याकडे हात नेला नाही. मी तिला विचारले, "बरी आहेस ना? पोट दुखते का?"

"दुखतंय थोडं." मग ती संकोचून म्हणाली, "गुरुजी, भूक लागलीया. चालत आले ना. काय हाय का खायला?"

घरी जाऊन काही आणावे, तर घर तीन आळ्या पलीकडे. मी गाभाऱ्यात गेलो. ताटाभोवती पाणी फिरवलेले नव्हते, नैवेद्य दाखवलेला नव्हता. मी ते ताट उचलले. मूर्तीकडे या वेळी सरळ पाहिले. ती मूर्तीसारखीच दिसत होती, आणि मला भीती वाटली नाही. ताट घेऊन मी पायऱ्या उतरलो. खालच्या पायरीवर तिच्यासमोर ठेवले आणि शेजारी बसलो.

"देवीला दाखवलंय?" तिने विचारले.

"देवी मागून जेवेल. तू जेव."

ती जेवू लागली. पहिले दोन घास सावकाश, परक्या घरी जेवावे तसे. मग भात कालवला, बोटांनी वाटी निपटून घेतली, आणि मान वर न करता म्हणाली, "तूप हाय का अजून?"

मी उठलो आणि तूप आणायला पुन्हा पायऱ्या चढलो.